अनेक थ्रेडच्या घटना डीबगर न्यायाने हाताळतो का, हे तपासायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर पीट्रेसच्या (एका प्रक्रियेला दुसरी थांबवू आणि तपासू देणाऱ्या कर्नलच्या सोयीच्या) आधाराने एक डीबगर, म्हणजे दुसऱ्या कार्यक्रमातील चुका शोधण्यासाठी तो थांबवत तपासणारा कार्यक्रम, लिहिला आहे. तपासणीसाठी दहा थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दहा धाग्यांचा, एक कार्यक्रम केला असून प्रत्येक थ्रेड अखंड चक्रात एकाच ब्रेकपॉइंटवरून (डीबगरने थांबण्यासाठी खूण केलेल्या जागेवरून) जातो. एक हजार थांबे मोजायचे आणि प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला साधारण शंभर थांबे आले आहेत का ते पाहायचे, अशी चाचणी आहे. ती लॅपटॉपवर नेहमी उत्तीर्ण होते, सामायिक चाचणी-सर्व्हरवर मात्र अधूनमधून नापास होते. चूक चाचणीत आहे की डीबगरमध्ये, आणि अशी चाचणी मुळात कशी लिहावी?

आधी निष्कर्ष सांगतो. आपली चाचणी चुकीची गोष्ट मोजते आहे. दहा थ्रेडना समान वाटा मिळावा, अशी हमी डीबगर देत नाही आणि ती त्याने द्यावी अशी अपेक्षाही नाही. त्याने द्यायची हमी एवढीच आहे की ज्या थ्रेडची घटना, म्हणजे त्याच्या थांब्याची बातमी, प्रलंबित आहे तो कायमचा उपाशी राहणार नाही. दुसरे म्हणजे, लॅपटॉपवर चाचणी उत्तीर्ण होते याचा अर्थ तिथे डीबगर बरोबर आहे असा होत नाही. चाचणीला दोष दिसतो हे आपण अजून सिद्ध केलेले नाही. या दोन्ही मुद्द्यांकडे क्रमाने येतो, पण त्याआधी उपासमार कुठून निर्माण होते ते पाहावे लागेल, कारण चाचणीची रचना तिच्या कारणांवरून ठरते.

लिनक्समध्ये पीट्रेसच्या दृष्टीने प्रत्येक थ्रेड हा स्वतंत्रपणे पकडलेला असतो आणि तो स्वतंत्रपणे थांबतो. डीबगर वेटपिडला (थांब्याची बातमी मागण्याच्या कर्नलच्या आज्ञेला) उणे एक, म्हणजे ‘कोणीही’, हा क्रमांक देऊन विचारतो की, ‘माझ्या ताब्यातील कोणी थांबले आहे का?’ इथे बहुतेकांचा असा समज असतो की कर्नलमध्ये या थांब्यांची एक रांग आहे आणि जो आधी थांबला त्याची बातमी आधी येते. तशी रांग नाही. कर्नल आपल्याकडील यादी ठरावीक क्रमाने चाळतो आणि सांगण्यासारखे काही असलेला जो पहिला थ्रेड सापडेल त्याचीच बातमी देतो. आता समजा की यादीत पुढे असलेला थ्रेड वारंवार थांबतो. डीबगर त्याची बातमी घेतो, त्याला पुढे चालवतो आणि पुन्हा वेटपिडला विचारतो. तोवर तो थ्रेड पुन्हा थांबलेला असतो आणि पुन्हा तोच सापडतो. यादीत मागे असलेला थ्रेड कितीही आधी थांबलेला असो, त्याच्यापर्यंत चाळणी पोचतच नाही. रेशनच्या दुकानात खिडकीपाशी उभा असलेला एकच माणूस पिशवी भरून घेतो आणि मागे न जाता लगेच दुसरी पिशवी पुढे करतो, तसा हा प्रकार आहे.

यावर जीडीबी या लिनक्सवरील प्रचलित डीबगरने स्वीकारलेला उपाय माहीत असणे उपयोगाचे आहे. एक बातमी मिळाली की तिच्यावर लगेच काम सुरू करायचे नाही. वेटपिडला ‘वाट पाहू नकोस’ असा पर्याय देऊन पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि त्या क्षणी उपलब्ध असलेल्या सगळ्या घटना आधी गोळा करून त्या त्या थ्रेडच्या नोंदीत प्रलंबित म्हणून लिहून ठेवायच्या. मग त्या सर्वांतून एकीची निवड यादृच्छिकपणे करायची. बाकीच्या तशाच प्रलंबित राहतात. पुढच्या वेळी तो थ्रेड चालवायची पाळी आली की त्याला खरोखर न चालवता आधी ती जुनी घटना वापरकर्त्यापुढे ठेवायची. ही व्यवस्था सर्व थ्रेड एकदम थांबवण्याच्या पद्धतीसाठी बराच काळ होती. नॉन-स्टॉप पद्धतीत, म्हणजे जिथे एक थ्रेड थांबला तरी इतर चालू राहतात तिथे, ती नव्हती. २०१५च्या सुरुवातीला ती तिथेही लागू झाली. जीडीबीच्या चाचणीसंचात थ्रेडविषयक विभागात ‘नॉन-स्टॉप-फेअर-इव्हेंट्स’ या नावाची चाचणी आहे. सर्व थ्रेडच्या घटनांना साधारण सारखे प्राधान्य मिळते का, हे तपासणे हाच तिचा घोषित हेतू आहे. ‘साधारण’ हा शब्द तिथे सैलपणाने आलेला नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण ते चांगल्या हेतूने लिहिलेल्या कोडमधून येते. वापरकर्त्याने ‘नेक्स्ट’ (पुढच्या ओळीपर्यंत चालव) ही आज्ञा दिली असेल तर डीबगर त्या थ्रेडला प्रोसेसरची एकेक सूचना चालवत नेतो. सर्व थ्रेड एकत्र थांबवण्याच्या पद्धतीत अशा पावलापावलाने चाललेल्या थ्रेडच्या घटनेला इतरांपेक्षा अग्रक्रम देणे योग्य ठरते, कारण वापरकर्त्याला आपले पाऊल पूर्ण झालेले पाहायचे असते आणि मध्येच दुसऱ्या थ्रेडकडे फेकले जाणे त्याला नको असते. परंतु ज्या ओळीवर ‘नेक्स्ट’ दिले तीच ओळ अखंड चक्र असेल, तर पाऊल कधीच पूर्ण होत नाही आणि प्रत्येक सूचनेनंतर त्या थ्रेडकडे नवी घटना तयार असते. नॉन-स्टॉप पद्धतीत हाच अग्रक्रम ठेवला तर बाकीचे थ्रेड ब्रेकपॉइंटवर थांबून राहतात आणि त्यांची दखल कधीच घेतली जात नाही. आपल्या चाचणीत ही स्थिती मुळीच नाही. माझ्या अनुभवात मात्र उपासमारीचे दोष सर्वांत जास्त इथेच सापडतात.

तिसरे कारण म्हणजे घटना गोळा करणारे चक्र स्वतःच. जो सिग्नल (कार्यक्रमाला पाठवलेला इशारा) आल्यावर डीबगरने थांबू नये, छापू नये आणि तसाच पुढे द्यावा असे वापरकर्त्याने सांगितले आहे, त्याची दखल वरच्या थरापर्यंत नेण्याची गरज नसते. म्हणून खालच्याच थरात त्या थ्रेडला लगेच पुढे चालवले जाते. हे वेगासाठी योग्य आहे. पण ‘काहीच शिल्लक राहत नाही तोवर गोळा कर’ असे चक्र असेल आणि एखादा थ्रेड स्वतःलाच सतत सिग्नल पाठवत असेल, तर काहीच शिल्लक नाही असा क्षण येईलच याची खात्री काय? त्या चक्रातून बाहेर न पडता डीबगर फिरत राहू शकतो. तेव्हा केवळ इतर थ्रेडच नव्हे, तर कळफलकासमोर बसलेला वापरकर्ताही उपाशी राहतो.

आता समान वाट्याच्या अपेक्षेकडे येतो. दहाही थ्रेडकडे कायम प्रलंबित घटना आहे आणि दर वेळी त्यांतून स्वतंत्रपणे यादृच्छिक निवड होते असे क्षणभर मानू. हजार थांब्यांत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०० येतील आणि प्रमाण विचलन साधारण ९.५ असेल. आपण मर्यादा ९० ते ११० अशी काही ठेवली असेल तर पूर्णपणे बरोबर असलेला डीबगरही वारंवार नापास होईल, कारण एकट्या थ्रेडचा आकडा या मर्यादेबाहेर जाण्याची शक्यताच चारात एकहून अधिक आहे आणि इथे थ्रेड दहा आहेत. शिवाय मूळ गृहीतकच खरे नाही. नुकताच दाखवला गेलेला थ्रेड ब्रेकपॉइंट ओलांडून चक्राची एक फेरी पूर्ण करीपर्यंत त्याच्याकडे नवी घटना नसते, आणि तोवर डीबगर इतरांच्या प्रलंबित घटना एकामागून एक उरकत असतो. त्यामुळे भरपूर गाभे (प्रोसेसरचे कोअर) असलेल्या, मोकळ्या यंत्रावर वाटणी आळीपाळीने केल्यासारखी समान दिसते. आपल्या लॅपटॉपवर बहुधा हेच घडते. सामायिक सर्व्हरवर दोनच गाभे वाट्याला आले आणि शेजारी दुसरी कामे चालू असली, की काही थ्रेडना प्रोसेसरच मिळत नाही. ते ब्रेकपॉइंटपर्यंत पोचतच नाहीत, मग त्यांचे थांबे कमी भरतात. तो कर्नलच्या वेळापत्रकाचा परिणाम आहे. त्याचा ठपका डीबगरवर ठेवता येत नाही.

म्हणून समानतेची अट काढून टाकावी आणि तिच्या जागी पुढील अट ठेवावी: अमुक इतक्या थांब्यांच्या आत प्रत्येक थ्रेड निदान एकदा दिसला पाहिजे. किती थांबे, हे अंदाजाने न ठरवता गणिताने ठरवता येते. यादृच्छिक निवडीत दहाही थ्रेड एकदा दिसण्यासाठी सरासरी सुमारे २९ थांबे लागतात. परंतु सरासरीवर चाचणी उभी करू नये. एखादा विशिष्ट थ्रेड शंभर थांब्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा शंभरावा घात. ती लाखात २.७ इतकी आहे. दहांपैकी कोणताही एक न दिसण्याची शक्यता त्याच्या साधारण दहापट, म्हणजे पावणेचार हजारांत एक. ऐकायला ही लहान वाटते; पण प्रत्येक बदलामागे अनेक यंत्ररचनांवर चाचणी चालत असेल, तर दर काही आठवड्यांनी एकदा विनाकारण लाल दिवा लागेल आणि मंडळी त्या चाचणीकडे दुर्लक्ष करायला शिकतील. मर्यादा दोनशे केली की हीच शक्यता १४ कोटींत एक इतकी खाली येते. चाचणीचा वेळ फक्त दुप्पट झाला. मी दोनशेच ठेवतो. आपला डीबगर यादृच्छिक निवडीऐवजी आळीपाळीची पद्धत वापरत असेल तर मर्यादा बरीच कमी ठेवता येईल, पण मग चाचणी एका विशिष्ट पद्धतीशी बांधली जाईल. माझा कल ती सैल ठेवण्याकडे आहे.

मर्यादा सेकंदांत ठेवू नये, थांब्यांच्या संख्येत ठेवावी, हे वरून आलेच. तरीही वेळेचे बंधन पूर्ण टाळता येत नाही, कारण डीबगर पूर्ण गोठला तर थांबेच येणार नाहीत. इथे एक्स्पेक्ट आणि डेजाग्नू ही संवादी कार्यक्रमांच्या चाचणीची साधने वापरणाऱ्यांसाठी एक जुना सापळा आहे आणि त्यात मी स्वतः सापडलो आहे. चाचणीने डीबगर जे छापतो त्याची वाट पाहायची, ओळख पटणारी ओळ आली की तिची नोंद करायची आणि ‘एक्स्प-कंटिन्यू’ने पुन्हा वाट पाहायला लागायचे, अशी नेहमीची घडण असते. या आज्ञेने वेळेचे घड्याळ दर वेळी शून्यावर येते, जर वेगळा पर्याय देऊन ते चालू ठेवायला सांगितले नसेल तर. याचा परिणाम असा की गोंगाट करणारा थ्रेड सतत ओळी छापत असतो, घड्याळ सतत शून्यावर येत असते, उपाशी थ्रेड कधीच दिसत नाही आणि चाचणी नापास होण्याऐवजी अनंतकाळ चालते. नेमका जो दोष पकडायचा, त्याच दोषाने चाचणीचे घड्याळ बंद पाडले. म्हणून थांब्यांची मोजणी हीच मुख्य अट ठेवावी आणि वेळेचे बंधन केवळ गोठलेल्या डीबगरसाठी ठेवावे. त्याशिवाय चाचणी-कार्यक्रमात आरंभीच ‘अलार्म’ (ठरलेल्या वेळेनंतर कार्यक्रम संपवणारा गजर) लावून ठेवावा, नाहीतर डीबगर कोसळल्यावर दहा अखंड चक्रे मागे राहून सर्व्हर तापवत बसतात.

चाचणी-कार्यक्रम लिहिताना सर्वांत जास्त काळजी एकाच गोष्टीची घ्यावी लागते: कार्यक्रमाने स्वतःच थ्रेडमध्ये न्याय प्रस्थापित करू नये. काही वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या अशाच एका चाचणीत प्रत्येक फेरीत थ्रेड आपला क्रमांक छापत असे, म्हणजे मला डोळ्यांनी दिसावे की सगळे चालू आहेत. ती चाचणी कित्येक महिने उत्तीर्ण होत राहिली. डीबगरमधील निवडीचे कोड मोडलेले होते, हे एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून कळले. प्रिंटएफ हे फलन छापताना सामायिक प्रवाहाचे कुलूप घेते; त्या कुलपापाशी सर्व थ्रेड रांगेत उभे राहत, आणि एका वेळी एखादाच ब्रेकपॉइंटवर पोचे. एकाहून जास्त घटना एकाच वेळी प्रलंबित असण्याची वेळच येत नव्हती, मग निवड चुकीची आहे हे दिसणार कसे? तेव्हापासून चक्राच्या आत मी ना छापतो, ना कुलूप घेतो, ना झोप घालतो. फक्त त्या थ्रेडच्या स्वतःच्या गणकात एकाची भर. सुरुवातीला मात्र एक अडथळा हवा, म्हणजे पीथ्रेड बॅरियर, ज्यापाशी सर्व थ्रेड जमल्याशिवाय कोणीच पुढे जाणार नाही. अन्यथा दहावा थ्रेड जन्माला येण्याआधीच मोजणी सुरू होते आणि तो ‘उपाशी’ ठरतो.

हा गणक केवळ वेळ घालवण्यासाठी नाही. थ्रेडांमध्ये समानता मागू नये असे मी म्हणालो, पण एका ठिकाणी काटेकोर समानता अवश्य मागावी. ब्रेकपॉइंट असलेली ओळ ओलांडली की थ्रेड आपला गणक वाढवतो, आणि डीबगर आपल्या बाजूने त्या थ्रेडचे थांबे मोजतो. हे दोन हिशेब जुळलेच पाहिजेत. थ्रेड या क्षणी ओळीच्या अलीकडे उभा आहे की पलीकडे, एवढ्याने जास्तीत जास्त एकाचा फरक चालेल. गणक पुढे आणि थांबे मागे असतील तर घटना हुकल्या. याचे नेहमीचे कारण ब्रेकपॉइंट ओलांडण्याच्या पद्धतीत असते. मूळ जागीच ओलांडायचे तर ब्रेकपॉइंट तात्पुरता काढावा लागतो, एक सूचना चालवावी लागते आणि तो परत ठेवावा लागतो. त्या अवधीत दुसरा थ्रेड चालू राहिला तर तो बिनबोभाट पुढे निघून जातो. म्हणून एकतर बाकी सर्व थांबवावे लागतात, किंवा मूळ सूचनेची प्रत स्मृतीतील दुसऱ्या जागी ठेवून तिथे ती चालवावी लागते. ही दुसरी पद्धत वापरत असाल तर ती राखीव जागा एकच आहे की अनेक, आणि तिच्यासाठी थ्रेड कोणत्या क्रमाने रांग लावतात, हेही पाहा. जागा एकच असेल तर न्यायाचा प्रश्न तिथे पुन्हा नव्याने उभा राहतो.

उलट थांबे पुढे आणि गणक मागे असतील तर एकच घटना दोनदा दाखवली गेली. प्रलंबित घटना साठवणाऱ्या डीबगरमध्ये हा धोका असतोच. एक्स८६ प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे एका बाइटची सूचना, आणि ती चालून थांबल्यावर सूचनादर्शक (पुढे चालवायच्या सूचनेचा पत्ता) एक बाइट पुढे गेलेला असतो. डीबगरला तो एकाने मागे आणावा लागतो. घटना गोळा करताना तो मागे आणला की दाखवताना आणला, हे एकदाच आणि एकाच जागी ठरलेले असावे. दोन्हीकडे आणला तर सूचनादर्शक मागच्या सूचनेच्या पोटात जाऊन पडतो, कुठेच आणला नाही तर मूळ सूचनेचा पहिला बाइट गिळला जातो. याची चाचणी वेगळी लिहावी आणि ती लहानच असावी: दोन थ्रेड एकाच ब्रेकपॉइंटवर पोचू द्यावेत, एकाची घटना दाखवली गेली की वापरकर्ता तो ब्रेकपॉइंट पुसून टाकतो आणि कार्यक्रम पुढे चालवतो. दुसऱ्या थ्रेडची साठवलेली घटना आता गैरलागू आहे. ती मुकाट्याने टाकून दिली गेली पाहिजे आणि तो थ्रेड योग्य सूचनेपासून पुढे चालला पाहिजे. इथे ‘अनोळखी सिगट्रॅप’ (ब्रेकपॉइंट लागल्याचा, पण कारण न सापडणारा सिग्नल) असा थांबा दिसला किंवा कार्यक्रम बेकायदेशीर सूचनेने कोसळला, तर दोष नेमका कुठे आहे ते लगेच कळते.

आता गोंगाटाचा प्रयोग. दहांपैकी एका थ्रेडला ‘नेक्स्ट’ देऊन अखंड चक्राच्या एकाच ओळीवर अडकवावे, आणि उरलेल्या नऊ थ्रेडनी ब्रेकपॉइंटवर किंवा सिग्नल मिळून थांबावे. मर्यादित घटनांत सर्व नऊ दिसले पाहिजेत. हा प्रयोग एकाच थ्रेडला गोंगाट करायला लावून संपवू नये. कर्नलची यादी ठरावीक क्रमाने चाळली जाते, म्हणून यादीत मागे असलेल्या थ्रेडने गोंगाट केला तर सदोष डीबगरही उत्तीर्ण होईल. दहाही थ्रेडना आळीपाळीने ती भूमिका द्यावी. दहा फेऱ्या होतात, पण त्यांतील एखादीच फेरी दोष दाखवणारी असू शकते. मुख्य थ्रेड त्यात धरलाच पाहिजे, कारण अनेक डीबगरमध्ये त्याची नोंद वेगळ्या वाटेने होते. गोंगाटाचा प्रकारही बदलावा. एकदा पावलापावलाचा, एकदा कायम खोट्या ठरणाऱ्या अटीच्या ब्रेकपॉइंटचा, आणि एकदा दुर्लक्षित सिग्नलच्या भडिमाराचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पडद्यावर काहीच छापले जात नाही, म्हणून घटनांची मोजणी बाहेरून करता येत नाही. यासाठी डीबगरच्या आत एक साधा गणक ठेवून तो विचारण्याची आज्ञा देणे मला रास्त वाटते. चाचणीसाठी उत्पादनात आज्ञा वाढवू नये असे मानणारे सहकारी मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मला कधीच पटले नाही.

याच गोंगाटात वापरकर्त्याचीही बाजू तपासावी. खोट्या अटीचा ब्रेकपॉइंट सतत लागत असताना कळफलकावरून थांबण्याची आज्ञा द्यावी आणि ती अमलात येईपर्यंत आतल्या गणकाने किती घटना मोजल्या ते पाहावे. जीडीबीचे मुख्य घटनाचक्र कालमापक, फाइल-वर्णक (कळफलकावरील आज्ञा याच वाटेने येतात) आणि अंतर्गत हस्तक अशा तीन स्रोतांकडे आळीपाळीने प्रथम पाहते, ते याच कारणासाठी. थ्रेडांमध्ये न्याय आहे पण वापरकर्त्याला खिडकीच मिळत नाही, असा डीबगर मी पाहिला आहे. त्याला बाहेरून मारून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

हे सर्व लिहून झाल्यावर जे काम बहुतेक जण करीत नाहीत ते करावे: डीबगर मुद्दाम बिघडवावा. निवडीच्या फलनात तीन बिघाड पुरेसे आहेत. पहिल्यात नेहमी यादीतील पहिला प्रलंबित थ्रेड निवडायचा, दुसऱ्यात नेहमी शेवटचा, आणि तिसऱ्यात पावलापावलाने चाललेल्या थ्रेडला सदैव अग्रक्रम द्यायचा. तीनही बिघाडांवर चाचणी दर वेळी नापास झाली पाहिजे, आणि कोणता थ्रेड उपाशी राहिला तो क्रमांक तिने छापला पाहिजे. बिघडवलेल्या डीबगरवरही ती उत्तीर्ण होत असेल तर तिने आजवर काहीच तपासलेले नाही. इथे एक इशारा देतो. प्रलंबित घटना आधी सगळ्या उरकल्याशिवाय कोणालाच पुढे चालवायचे नाही असा आपल्या डीबगरचा नियम असेल, तर ‘नेहमी पहिला’ या बिघाडाने उपासमार होणारच नाही, कारण पहिल्याला नवी घटना निर्माण करायची संधीच मिळत नाही. तो चाचणीचा दोष नव्हे. तिथे बिघाड गोळा करण्याच्या टप्प्यात घालावा, म्हणजे सर्व घटना गोळा न करता पहिली मिळताच थांबावे.

निवडीचे फलन वेगळे काढता आले तर त्याची स्वतंत्र, थ्रेडविरहित चाचणीही लिहावी. बनावट नोंदींची यादी द्यावी, दहा हजार वेळा निवड करवून घ्यावी आणि प्रत्येकाचा आकडा ८५० ते ११५० यांत आहे का पाहावे. सरासरी १००० आणि प्रमाण विचलन ३० असल्याने ही मर्यादा पाच विचलनांची होते. इथे मात्र समान वाट्याची अट योग्य आहे, कारण इथे ना कर्नल आहे, ना प्रोसेसरची ओढाताण. सी भाषेतील रँड या यादृच्छिक आकडे देणाऱ्या फलनाला बीज (आरंभीचा आकडा) दिले नाही तर प्रत्येक वेळी तोच क्रम मिळतो, हे लक्षात असू द्यावे. चाचणीच्या पुनरावृत्तीसाठी ते सोयीचे आहे, पण एकाच क्रमावर हजारदा उत्तीर्ण होणे म्हणजे एकदाच उत्तीर्ण होणे. बीज बदलावे आणि नापास झाल्यास ते छापावे.

परिस्थितीही बदलून पाहावी. टास्कसेट या आज्ञेने सर्व थ्रेड एकाच गाभ्यावर बांधून एकदा, मोकळ्या यंत्रावर एकदा, आणि शेजारी मुद्दाम प्रोसेसर खाणारी कामे लावून एकदा. एका गाभ्यावर एका वेळी एकच थ्रेड चालतो, त्यामुळे बरोबरीने प्रलंबित घटना कमी होतात आणि काही दोष झाकले जातात, तर दुसरे काही तिथेच उघडे पडतात. दूरस्थ सर्व्हरमार्फत डीबगिंग होत असेल तर तोच चाचणीसंच त्या वाटेनेही चालवावा, कारण तिथे निवडीचे कोड बहुधा वेगळ्या फाइलमध्ये दुसऱ्यांदा लिहिलेले असते आणि एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोचलेली नसते. जीडीबीच्या मेकफाइलमध्ये तीच चाचणी अनेकदा चालवून डळमळीत निकाल वेगळे काढण्याची सोय आहे. आपल्याकडे ती नसेल तर साधे चक्र लिहावे. किती वेळा, याला एक सोपा नियम आहे. न चुकता ३०० वेळा उत्तीर्ण झाली तर नापास होण्याची खरी शक्यता, ९५ टक्के खात्रीने, एक टक्क्याहून कमी आहे एवढेच म्हणता येते. वीस वेळा चालवून ‘आता ठीक आहे’ म्हणणे म्हणजे सातात एक अशा दोषालाही वाव ठेवणे होय.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा. समान वाट्याची अट आजच काढून तिच्या जागी दोनशे थांब्यांची अट घालावी. सर्व्हरवरचा अधूनमधून लागणारा लाल दिवा बहुधा तेवढ्यानेच जाईल. त्यानंतर लॅपटॉपवर, जिथे सर्व काही उत्तम चालते आहे, गोळा करण्याचा टप्पा बिघडवून चाचणी चालवावी. ती नापास झाली नाही तर चक्राच्या आत छापणे, कुलूप किंवा झोप आहे का ते आधी शोधावे. ते काढूनही नापास होत नसेल, तर थांबे मोजणाऱ्या कोडमध्ये थ्रेडचा क्रमांक खरोखर डीबगरकडून येतो आहे की चाचणी तो स्वतःच गृहीत धरते आहे, हे पाहावे.